जुनं धनुष्य, नवी दोरी : वाचकांचे प्रश्न

मार्चच्या अंकात माझ्या बाकावरच्या जुन्या रिकर्व्ह धनुष्यांबद्दल लिहिलं, आणि त्यानंतर संपादकांनी मला पत्रांची एक जाड पिशवीच आणून दिली. ज्यांनी तो अंक पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टोकं पुढच्या बाजूला वळलेली, आत मॅपलच्या पातळ पट्ट्या, त्यांच्या पोटाला (तिरंदाजाकडच्या बाजूला) आणि पाठीला (लक्ष्याकडच्या बाजूला) फायबरग्लास, मधे एखाद्या जड, देखण्या लाकडाचं हँडल अशी ही धनुष्यं. १९५० च्या दशकापासून पुढची पंचवीस-तीस वर्षं अमेरिकेतल्या कारखान्यांनी ती भरपूर बनवली. १९६९ मध्ये कंपाउंड धनुष्याचं पेटंट निघालं, चाकांच्या धनुष्यांचा जमाना आला आणि ही बिचारी माळ्यावर गेली. आता तिथून ती खाली उतरताहेत, आणि त्यातली काही ठाण्या-नवी मुंबईपर्यंत पोचताहेत.

मी वागळे इस्टेटमधल्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं पॅटर्नमेकर होतो. ओतकामासाठी लाकडी नमुने करायचे, हेच काम. लाकूड, सरस आणि कानस एवढंच मला नीट कळतं. आता चरईतल्या घराच्या मागच्या खोलीत धनुष्यं दुरुस्त करतो. उत्तरं तेवढ्याच अधिकाराने देतो आहे.

माझा भाऊ मिशिगनमध्ये असतो. त्याला एका गॅरेज सेलमध्ये ‘बेअर कोडियाक मॅग्नम’ मिळतंय. लांबी ५२ इंच, ओढायला ४५ पौंड. त्यावर १९५३ असं छापलंय. सत्तर वर्षांचं धनुष्य घ्यावं का? मी सहा महिने क्लबच्या धनुष्यावर शिकतोय. (ऐरोली)

आधी त्या १९५३ चं सांगतो. ते धनुष्याचं जन्मसाल नाही, कॅनडातल्या पेटंटचं साल आहे, आणि कंपनी ते पुढे कित्येक वर्षं छापत राहिली. विकणारेही ते पाहून फसतात आणि किंमत चढवतात. वय ओळखायचं ते हँडलमधल्या गोल पदकावरून. पदक लाकडाशी अगदी समतल बसवलेलं असेल, बोट फिरवलं तर कडा लागत नसेल, तर धनुष्य साधारण १९७२ पर्यंतचं. पदक वर उचललेलं असेल तर त्यानंतरचं. दुसरी खूण गावाच्या नावाची. फ्रेड बेअर यांचा कारखाना मिशिगनमधल्या ग्रेलिंगला होता. १९७८ मध्ये तो फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला हलला. त्यामुळे लिम्बवर, म्हणजे हँडलच्या वर-खाली वाकणाऱ्या भुजांवर, कुठलं गाव लिहिलंय तेही भावाला वाचायला सांगा.

पण वयापेक्षा तब्येत महत्त्वाची. धनुष्य लांबून घेताना मी फोटो मागतो, आणि मला सुंदर फोटो नको असतात. दोन्ही लिम्ब कडेने, म्हणजे पट्ट्यांचे थर दिसतील असे, हँडलपासून टोकापर्यंत. दोन्ही टोकांच्या खाचा अगदी जवळून. हँडल जिथे पातळ होत होत लिम्बमध्ये मिसळतं ती जागा, पोटाकडून आणि पाठीकडून. आणि एक फोटो दोरी चढवलेल्या धनुष्याचा, टोकाकडून लांबीच्या दिशेने घेतलेला. हा शेवटचा फोटो देत नसतील तर मी विषय सोडून देतो. लिम्ब पिळलेला असला की तो याच फोटोत उघडा पडतो.

फायबरग्लासवर बारीक उभ्या रेषा असतील, लिम्बच्या लांबीच्या दिशेने, तर घाबरू नका. पन्नास वर्षं वाकून-सरळ होऊन तशा रेषा येतात. आडवी रेष मात्र एकही नको. लिम्बच्या रुंदीवरून आडवी गेलेली तड म्हणजे तिथले तंतू तुटले आहेत, आणि ते धनुष्य एक दिवस तुमच्या तोंडासमोर मोडणार. भावाला कापसाचा बोळा घेऊन दोन्ही लिम्बवरून हलकेच फिरवायला सांगा. कुठे कापूस अडकला, धागा ओढला गेला, तर तिथे नख लावून पाहायचं. डोळ्याला न दिसणारी कूस कापसाला सापडते.

आता घ्यावं का? फोटो चांगले असले तर घ्या, पण लगेच चालवायला नको. सहा महिन्यांच्या हाताला ४५ पौंड फार होतात. तुम्ही ते ओढाल, पण ओढून थांबू शकणार नाही, आणि जो थांबू शकत नाही तो नेम धरायच्या आधीच सोडायला शिकतो. ती सवय मोडायला वर्षं जातात. त्यात धनुष्य ५२ इंची. एवढं आखूड धनुष्य पूर्ण ओढलं की दोरीचा कोन टोकदार होतो आणि तीन बोटं चिमटीत सापडतात. शिकारी लोकांना झाडीत वावरायला ते हवं होतं. तुम्हाला मोकळ्या मैदानावर उभं राहायचंय. पहिलं जुनं धनुष्य ६० ते ६६ इंची आणि तीस-पस्तीस पौंडांच्या आतलं असावं. बेन पिअर्सन, डेमन हॉवेट, विंग, शेक्सपिअर, या जुन्या कंपन्यांपैकी कुणाचंही चालेल. नावापेक्षा आकडे बघा.

माझ्याकडे ‘एएमओ ६२”, ३८# २८”’ असं लिहिलेलं धनुष्य आलंय. मी उंचीने लहान, ओढ २६ इंच. मला नेमके किती पौंड पडतील? आणि दोरी किती इंची घ्यायची? दुकानात नवीन मजबूत दोरी घ्या म्हणतात. (शिक्षिका, नेरूळ)

तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण त्यात सगळी माहिती आहे.

एएमओ म्हणजे अमेरिकेतल्या तिरंदाजी उत्पादकांची तेव्हाची संघटना. तिने मापं एकसारखी केली. ३८# २८” याचा अर्थ २८ इंच ओढल्यावर ३८ पौंड. त्याच्या आतबाहेर दर इंचाला साधारण दोन ते अडीच पौंडांचा फरक धरा. तुम्ही दोन इंच कमी ओढता, म्हणजे तुमच्या बोटांवर तेहतीस-चौतीस पौंड येतील. त्यात जुन्या धनुष्याने वयोमानाने एखाद-दोन पौंड गमावलेले असू शकतात. सामानाचं वजन करायचा साधा काटा दोरीला अडकवून बघा, कागदावरच्या हिशेबापेक्षा तो खरा. हँडलच्या खोलगट भागापासून दोरीपर्यंत मोजायला बाणाच्या दांडीवर आधी खुणा करून ठेवा. एएमओच्या हिशेबात त्या मापात पावणेदोन इंच मिळवायचे असतात.

दोरी धनुष्याच्या एएमओ लांबीपेक्षा चार इंच आखूड, म्हणजे तुमच्यासाठी ५८ इंच. चढवल्यावर हँडलच्या खोलगट जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजा. साडेसात ते साडेआठ इंचांच्या मधे कुठेतरी धनुष्य शांत होतं. दोरीला पीळ देऊन अंतर वाढवा, पीळ काढून कमी करा, आणि प्रत्येक वेळी चार-पाच बाण सोडून कान लावा. जिथे आवाज सगळ्यात बसका आणि हाताला झटका कमी, ते तुमच्या धनुष्याचं अंतर. ते हँडलच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा.

आणि आता मुद्द्याचं. दुकानातली ती ‘नवीन मजबूत’ दोरी घेऊ नका. डॅक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टर धाग्याची घ्या, बी-५० किंवा बी-५५ नावाने मिळते, तुमच्या धनुष्याच्या पौंडांना चौदा पदरी पुरे. डायनीमाच्या जातीच्या आधुनिक दोऱ्या ताणत नाहीत, हाच त्यांचा गुण, आणि जुन्या धनुष्याच्या दृष्टीने हाच त्यांचा दोष. बाण सुटल्यावर दोरी थांबते तेव्हाचा हिसका डॅक्रॉन थोडं ताणून पोटात घेतं. आधुनिक दोरी तो सगळा हिसका टोकांच्या खाचांना देते. नव्या धनुष्यांची टोकं त्यासाठी जाड थर देऊन मजबूत केलेली असतात. १९६० च्या दशकातल्या टोकावर बहुतेक वेळा लाकडाचा किंवा ग्लासचा एक पातळ थर असतो, झालं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्याकडे एक विंगचं धनुष्य होतं, बासष्ट इंची, रोझवूडचं हँडल. नवी दोरी चढवली, बाण चपळ जायला लागले, मला आनंद झाला. तिसऱ्या आठवड्यात वरचं टोक खाचेपासून उभं चिरलं. टोक मी चिकटवलं, पण त्या धनुष्याने मी पुन्हा कधी निर्धास्त मनाने ओढ घेतली नाही.

कार्बन बाण चालतील का? (खारघर)

हलके असतील तर नाही. जुन्या धनुष्यासाठी मी पौंडामागे दहा ग्रेन धरतो. चाळीस पौंडांच्या धनुष्याला चारशे ग्रेनचा बाण, म्हणजे जवळपास २६ ग्रॅम, टोकापासून पिसांपर्यंत सगळं मिळून. सोनाराच्या छोट्या काट्यावर तोलून घ्या. बाण फार हलका असला की धनुष्यातली उरलेली ताकद बाणाबरोबर जात नाही, लिम्बमध्येच परत येते. बाण न लावता दोरी सोडण्याचं ते धाकटं भावंडच. मोकळी दोरी तर कधीच सोडायची नाही, पाहुण्यांना दाखवायलाही नाही.

आणखी एक. बाण टेकतो त्या हँडलच्या कट्ट्यावरून थेट सोडणार असाल तर मागे खरी पिसं हवीत. प्लास्टिकचे पंख कट्ट्याला आपटून बाण उडवतात.

काका, मी अकरावीत आहे. आमच्या सरांनी मला जुनं धनुष्य दिलंय. दोरी लावली की खालच्या लिम्बवर ती एका बाजूला जाते. मित्र म्हणतो फेकून दे. (कळवा)

फेकू नकोस. मित्राने बघितलंय ते बरोबर आहे, पण इलाज आहे.

आधी नीट तपासू. दोन्ही लिम्बच्या रुंदीचा मध्य काढून तिथे कागदी चिकटपट्टीवर खूण कर, हँडलजवळ एक आणि टोकाजवळ एक. दोरी चढव, धनुष्य दोरी तुझ्याकडे करून समोर धर आणि एक डोळा मिटून बघ. दोरी चारही खुणांवरून गेली पाहिजे. आम्ही कारखान्यात ओळंबा धरून नमुना बघायचो, तसंच हे. खालच्या टोकाला दोरी दोन-तीन मिलिमीटर बाजूला असेल तर काळजीचं काही नाही. दोरी खाचेतून निसटायलाच बघत असेल तर मात्र ती तिथेच उतरव आणि धनुष्य सरांना दाखव.

किंचित पीळ असेल तर दोरी चढवलेलीच ठेवून लिम्बचं टोक तळहातात धर आणि पिळाच्या उलट दिशेला, सरळपणाच्या थोडं पलीकडे, हळू वळव. मिनिटभर तसंच धर. दिवसातून तीन-चारदा कर. आठवड्यात हलला नाही तर हाताला सोसेल इतक्याच गरम पाण्यात फडकं पिळून ते लिम्बभोवती गुंडाळ, लिम्ब कोमट झाला की मग वळव आणि धरून ठेवूनच गार होऊ दे. गॅसजवळ, इस्त्रीजवळ अजिबात न्यायचं नाही. पट्ट्या चिकटवलेला सरस उष्णतेने मऊ पडतो. म्हणूनच मे महिन्यात बंद गाडीतही धनुष्य ठेवत नाहीत.

पीळ आला कुठून तेही कळायला हवं, नाहीतर परत येईल. धनुष्याच्या आत पाय घालून मांडीवर वाकवून दोरी चढवतात ना, तेव्हा एक लिम्ब वाकडा दाबला जातो. ती पद्धत सोडून दे. एक स्ट्रिंगर कर. जाड नायलॉनची दोरी, जिच्यावर पाय ठेवून उभं राहायचं, आणि टोकाला बसेल अशी चामड्याची टोपी. चपला शिवणाऱ्या काकांना धनुष्याचं टोक दाखवलंस तर ते शिवून देतील. चढवताना तोंड बाजूला ठेव. आणि धनुष्य कोपऱ्यात खालच्या टोकावर उभं करून ठेवायचं नाही. तुझा खालचाच लिम्ब पिळलाय, म्हणजे ते बहुतेक तसंच कुठेतरी उभं होतं.

हॉवेटचं धनुष्य घेतलंय. वॉर्निशवर पांढुरका पडदा आलाय, हँडलला आधीच्या मालकाने साइटसाठी (नेम धरायच्या साधनासाठी) चार भोकं पाडलीत. सगळं खरवडून, मशीनने घासून कोरं करकरीत करायचा विचार आहे. कोणता पेंट रिमूव्हर वापरू? (पनवेल)

कोणताच नाही. आणि ते मशीन हातात घेण्याआधी हे उत्तर पूर्ण वाचा, एवढी विनंती आहे.

माझं पहिलं जुनं धनुष्य मी असंच कोरं केलं. मला वाटलं, मी पॅटर्नमेकर आहे, माझ्याइतका गुळगुळीत लिम्ब कोण करणार? दीड दिवस घासलं. लिम्बवर हाताने लिहिलेली अक्षरं होती, पौंड आणि इंच, बहुधा कारखान्यातल्याच कुणीतरी बारीक लेखणीने लिहिलेली. वॉर्निशबरोबर तीही गेली. पुसताना फडक्यावर शाई दिसली तेव्हा लक्षात आलं. ते धनुष्य अजून माझ्याकडे आहे, पण किती पौंडांचं म्हणून जन्माला आलं हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

दुसरं नुकसान त्याहून मोठं होतं. लिम्बवरच्या फायबरग्लासची जाडी जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असते. लिम्बचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे जाडी थोडी घटली तरी ताकद बरीच घटते. मशीन एका जागी दोन सेकंद जास्त रेंगाळलं की तिथे लिम्ब जास्त वाकायला लागतो आणि वरचा-खालचा तोल बिघडतो. शिवाय ग्लासची ती धूळ फुप्फुसात गेलेली चांगली नाही. हाताने थोडं घासायचं असलं तरी चांगला मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि ओला पेपर. पेंट रिमूव्हरचं तर नावच नको. तो वॉर्निश आणि इपॉक्सी यांत फरक करत नाही. थरांच्या सांध्यात शिरला की आतूनच काम करतो.

तर मग काय करायचं? आधी सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. पन्नास वर्षांचा घाम, मेण, सिगारेटचा धूर एवढ्यानेच निघतो, आणि निम्म्या वेळा त्याखाली चांगलं वॉर्निश सापडतं. मग सगळ्यात बारीक, चार शून्यांची स्टील वूल घेऊन अगदी हलक्या हाताने, अक्षरांपासून दूर. पांढुरका पडदा वरच्या थरातच असेल तर तो इथे कमी होतो. जिथे वॉर्निश खरोखर सुटून पापुद्रे निघालेत तेवढीच जागा चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने मोकळी करा आणि तिथेच पातळ पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात द्या, कापडाने पुसल्यासारखे. बाकीचं राहू द्या.

हे काम पावसाळ्यात करू नका. जूनच्या हवेत दिलेला हात ओल पकडतो आणि तुमचा पांढुरका पडदा परत हजर होतो. मी वॉर्निशचं सगळं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी यांतच करतो. पावसाळ्यात माझ्या बाकावर फक्त दोऱ्या आणि चामडं असतं.

भोकं. चारही भोकांच्या कडा तपासा, कुठून तड निघालेली नाही ना? नसेल तर त्यांनी धनुष्याचं काही बिघडत नाही. दिसायला नको असतील तर हँडलच्या आतल्या कोपऱ्यातून, जिथे दिसत नाही तिथून, कानशीने चिमूटभर भुसा काढा, सावकाश वाळणाऱ्या अॅराल्डाइटमध्ये कालवा आणि भोक किंचित फुगीर भरा. दोन दिवसांनी समतल करा. इपॉक्सीत भुसा नेहमी गडद होतो, म्हणून हिशेबाने थोडा फिकट भुसा घ्या. मी स्वतः आता भोकं बुजवत नाही. कुणीतरी त्या धनुष्याला साइट लावून स्पर्धेसाठी धडपडत होता. १९७२ ला म्युनिकमध्ये तिरंदाजी बावन्न वर्षांनी ऑलिंपिकमध्ये परतली, त्याच्या आसपास किती तरी लोकांनी आपल्या शिकारी धनुष्यांना अशी भोकं पाडली असतील. मला ती बघायला आवडतात. पण धनुष्य तुमचं आहे. या बाबतीत जे कराल ते चालेल, रिमूव्हर आणि मशीन सोडून.

येऊरच्या जंगलात सराव केला तर चालेल का? सकाळी कुणी नसतं. (घोडबंदर रोड)

नाही. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. धनुष्यबाण घेऊन तिथे शिरायचंच नाही, कागदाच्या लक्ष्यासाठीसुद्धा. ‘कुणी नसतं’ हेही खरं नाही. पाड्यांवरची माणसं पहाटेपासून त्या वाटांवर असतात, आणि बिबटे तर असतातच. इमारतीची गच्चीही नको. तीस पौंडांचा चुकलेला बाण कठड्यावरून सहज पलीकडे जातो. क्लबच्या रेंजवर जा, नाहीतर घरात एक-दोन मीटरवर मोठी गादीसारखी लक्ष्यपाटी ठेवून डोळे मिटून सोडण्याचा सराव करा. त्याने बाण सोडणं जितकं सुधारतं तितकं मैदानावरही सुधारत नाही.

परदेशातून कुरिअरने मागवलं तर कस्टम्सचं काय? (वाशी)

ड्यूटी वस्तूच्या किमतीवरच नाही, किंमत, भाडं आणि विमा मिळून जो आकडा होतो त्यावर लागते. एकसंध धनुष्य पाच-साडेपाच फूट लांब असल्यामुळे भाडंच बऱ्याचदा धनुष्याइतकं होतं, तो हिशेब आधी करा. पाठवणाऱ्याला जाड पीव्हीसी पाइपमध्ये घालायला सांगा, दोन्ही टोकांना फोम. पुठ्ठ्याच्या खोक्यातून आलेली दोन धनुष्यं मी टोक मोडलेली पाहिली आहेत. कुणी विमानाने येणार असेल तर ते चेक-इन सामानातच जाईल, केबिनमध्ये नाही.

ओढताना खालच्या लिम्बमधून ‘टक्’ असा आवाज येतो. बाण तर सरळ जातात. (डोंबिवली)

आजच ओढणं थांबवा. दोरी उतरवा आणि उजेडात लिम्बची कड बघा. वहीच्या कागदाची पट्टी थरांच्या सांध्यावरून फिरवा. ती कुठे आत शिरली तर थर सुटलाय. एखादं नाणं घेऊन हँडलकडून टोकाकडे हलके वाजवत जा, घट्ट जागी खणखणीत आणि सुटलेल्या जागी बद्द वाजतं. टोकावरचा छोटा थर सुटला असेल तर तो साफ करून इपॉक्सीने बसवता येतो. पण लिम्बच्या मधल्या, वाकणाऱ्या भागात पट्टी आत गेली, तर मी ते धनुष्य दुरुस्त करत नाही. कुणी करून दिलं तरी चालवू नका. त्या सांध्यात जुना सरस आणि धूळ असते, नवीन इपॉक्सी आतपर्यंत पोचत नाही, आणि पुढचा मोड कानाजवळ होतो.

कधीकधी आवाज दोरीच्या फासाचा किंवा हँडलच्या चामड्याखालच्या सैल स्क्रूचाही असतो. आधी ते बघून घ्या. तसं निघालं तर मला खरंच बरं वाटेल.

माझे मिस्टर मर्चंट नेव्हीत होते. १९७१ मध्ये न्यू ऑर्लीन्सहून त्यांनी बेन पिअर्सनचं धनुष्य आणलं, ४० पौंडांचं. पुढे बरीच वर्षं ते रविवारी सकाळी चालवायचे. ते जाऊन चार वर्षं झाली. धनुष्य तेव्हापासून कपाटामागे दोरी लावलेलंच उभं आहे. नात तेरा वर्षांची आहे, तिला ते शिकायचंय. हँडलवर त्यांच्या हाताचा काळा डाग पडलाय. दोरी पिवळी, कडक झालीये, कात्रीने कापून काढावी का? (नौपाडा)

ताई, कात्री ठेवून द्या. हे उत्तर छापून येईपर्यंत वेळ जाईल म्हणून संपादकांनी तुम्हाला एवढंच आधी फोन करून कळवलं आहे. ताणलेली दोरी कापली की लिम्ब एकदम सुटतात, आणि चार वर्षं वाकून राहिलेले लिम्ब तो धक्का सोसतीलच असं नाही. दोरी स्ट्रिंगरने, लिम्ब हळूहळू सरळ करतच उतरवायची. कळव्याच्या मुलाला लिहिलंय तो स्ट्रिंगर तुमच्याही उपयोगाचा. घरात कुणी जाणकार नसेल तर जवळच्या क्लबमधल्या प्रशिक्षकांना बोलवा, दोन मिनिटांचं काम आहे. कडक दोरी मधेच तुटू शकते, तेव्हा काढेपर्यंत धनुष्य ओढू कुणीच नका.

दोरी उतरल्यावर लिम्ब आधीइतके पुढे वळणार नाहीत, थोडे आळसावलेले दिसतील. फायबरग्लास बरंच सोसतं. काही पौंड गेले असतील, पण बेन पिअर्सन यांचा कारखाना आर्कान्सामधल्या पाइन ब्लफचा, ती धनुष्यं टिकाऊ होती. काट्यावर मोजून बघा. त्याआधी वरची कापसाची आणि कागदाच्या पट्टीची तपासणी करा. ती पार पडली की ५०-६० बाणांत धनुष्य पुन्हा जागं होतं.

हँडलवरच्या डागाला हात लावू नका. साबण नाही, स्टील वूल नाही, काहीच नाही. तिथे वॉर्निश झिजून लाकडाने त्यांच्या हाताचा घाम प्यायलाय, आणि लाकूड तिथे घट्ट आहे. दुरुस्तीच्या दृष्टीनेही त्याची गरज नाही.

नातीला मात्र हे धनुष्य आत्ता देऊ नका, तिने कितीही हट्ट केला तरी. तेरा वर्षांच्या खांद्याला अठरा-वीस पौंड पुरे. क्लबच्या धनुष्यावर तिला दोन-तीन वर्षं नीट घालवू द्या. साताऱ्याकडच्या प्रवीण जाधवांसारखे खेळाडू ऑलिंपिकपर्यंत गेले तेही साध्या धनुष्यापासूनच. तोपर्यंत आजोबांच्या धनुष्याची जबाबदारी तिच्याकडे द्या. आतल्या भिंतीवर, बाहेरची ओल येणार नाही अशा जागी, दोन खुंट्या ठोकून ते आडवं ठेवा, दोरी उतरवून. खुंट्यांना कापड गुंडाळा. नवीन डॅक्रॉनची दोरी मी करून पाठवतो, लिम्बवर लिहिलेली एएमओ लांबी मासिकाच्या पत्त्यावर कळवा. नातीने दर महिन्याला दोरीला मेण चोळायचं आणि लिम्बवरून खालून वरपर्यंत कापूस फिरवायचा, एवढंच काम. करता करता तिला धनुष्य ओळखीचं होईल.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. दोरी आपल्याकडे करून धरल्यावर हँडलमधली बाणाची खिडकी डावीकडे कापलेली आहे की उजवीकडे? डावीकडे असेल तर ते उजव्या हाताने ओढायचं धनुष्य. नातीला दोन्ही हात लांब करून तळव्यांमधे एक छोटी फट करायला सांगा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून दाराची कडी बघायला सांगा, मग एकेक डोळा मिटायला. ज्या डोळ्याने कडी फटीतच राहते तो तिचा नेमाचा डोळा. तो उजवा की डावा, तेही दोरीच्या लांबीबरोबर कळवा.